फुटक्या बांगड्यांचं तोरण

बांगड्या नुसत्या किणकिणत नसत, बोलतही असत, त्या काळची गोष्ट. सगुणा कासारीण दिवाळीसाठी फुटक्या बांगड्यांचं तोरण करत होती. एकेक तुकडा दिव्यावर धरून ती मऊ करायची, चिमट्याने वाकवायची आणि दुसऱ्यात अडकवायची.

हिरवा तुकडा दिव्यावर चिडला. "अरे, एकदा फुटलोय मी! आता भाजतोस कशाला?"

दिवा म्हणाला, "फुटलास, पण अजून ताठच आहेस. वाकल्याशिवाय दुसऱ्याला धरशील कसा?"

घाबरत घाबरत हिरवा वाकला आणि त्याने लाल तुकड्याला घट्ट धरलं.

तोरण दारावर चढलं, उन्हात झळाळलं. सगुणाच्या हातातली अखंड बांगडी बघतच राहिली. "काय रूप आलंय रे तुम्हाला! मलाही घ्या ना!"

"तू आहेस तिथे सुखात राहा," हिरवा म्हणाला. "पण फुटलीसच कधी, तर घाबरू नकोस. जागा ठेवलीय."