मागच्या रांगेतले वैद्यराज

सतीर्थ म्हणजे एकाच गुरूपाशी शिकलेले सोबती. ‘तीर्थ’ या शब्दाचा एक जुना अर्थ गुरू असा आहे. हा शब्द मनात धरून पुढची कथा ऐकावी.

फार पूर्वी नदीकाठच्या एका विद्यापीठात एक वैद्याचार्य होते. त्यांच्या शिष्यांना सारी औषधे मुखोद्गत. पण मात्रा ठरवायची वेळ आली की अडत. मागील परीक्षेत एका शिष्याने तापलेल्या बालकाला मोठ्या माणसाची मात्रा काढली. कुलगुरूंनी वेळीच मनगट धरले म्हणून अनर्थ टळला.

“पुन्हा असे घडले, तर वैद्यशाळेला कुलूप लागेल,” त्यांनी बजावले.

नव्या परीक्षेला पंधरवडा उरला. वैद्यांना अन्न गोड लागेना.

“बालकाला किती द्याल?” ते रोज विचारीत.

“चिमूटभर, आचार्य,” तोच शिष्य पुटपुटे.

“कोणाची चिमूट? तुझी की माझी?”

शिष्य पुन्हा औषधांची नावे घोकू लागे.

भिंतीपलीकडे गणिताचार्य याच मुलांना त्रैराशिक शिकवीत. पण दुसरे आचार्य दाराशी आले की आदराने पाठ थांबवायचा, अशी तिथली रीत. त्यामुळे शेजारी काय चालते, हे तीस वर्षांत कोणा आचार्याने ऐकलेच नव्हते.

याच मुलांना तिथे काय येते, हे पाहायला एका सकाळी वैद्य त्या दाराशी गेले. पाठ थांबला.

“यावे वैद्यराज. माझे पोट मात्र बरे आहे हो,” गणिताचार्य म्हणाले.

“मी आचार्य म्हणून आलेलो नाही,” असे म्हणून वैद्य मागच्या रांगेत मांडी घालून बसले. शिष्यासाठी पाठ थांबत नसतो. गणिताचार्यांचा नाइलाज झाला.

“दहा घोड्यांना शंभर पेंढ्या चारा लागतो. निम्म्या वजनाच्या तीन शिंगरांना किती?”

मात्रेपाशी अडणाऱ्या त्याच शिष्याने क्षणात ‘पंधरा’ असे उत्तर दिले. वैद्यांच्या ध्यानात आले. याला येत होते. आपणच कधी रुग्णाचे वजन सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गणिताचार्य वैद्यशाळेत मागे बसले. एका रुग्ण बालकाची मात्रा त्यांनी झटकन मांडली.

वैद्य म्हणाले, “या मुलाने तीन दिवस अन्न घेतलेले नाही. एवढी दिलीत, तर आपले उत्तर बरोबर येईल आणि मूल दगावेल.”

गणिताचार्यांनी पाटी पुसली.

परीक्षेत त्या शिष्यापुढे पुन्हा तापलेले बालकच आले. त्याने आधी वजन विचारले, मग शेवटचे कधी खाल्ले ते, आणि मात्रा तोलली. कुलगुरूंनी कुलूप परत पाठवले.

तात्पर्य: दुसऱ्याची विद्या दारातून वंदून कळत नाही, तिच्यापुढे बसावे लागते.

गणिताने वैद्यकाला तारले, असे ही कथा सांगताना म्हणतात. ते चूक आहे. गणित शिष्याला आधीच येत होते. त्या पंधरवड्यात शिकले ते दोन आचार्य, आणि आपल्याच शिष्यांचे सतीर्थ झाले.