सातवा टॉवेल

"पण मास्तर, याचा दुसरा अर्थ असतो तरी का?"

श्रीशैलने जरा चिडूनच विचारले. एकेकाळी तो दस्तगीर मास्तरांकडे बॉक्सिंग शिकला होता. आता सोलापुरातल्या एका दैनिकाचे क्रीडापान त्याच्याकडे होते. इंग्रजी क्रीडा पत्रकार वापरतात त्या चारशे वाक्प्रचारांचे पुस्तक त्याने लिहिले होते. छापण्याआधी गुरूचा सत्कार करावा म्हणून तो नारळ, टोपी आणि टॉवेल घेऊन आला होता.

मास्तरांनी त्याच्या हस्तलिखितातले एकच पान उघडून ठेवले होते.

"वाच."

"टॉवेल फेकणे. म्हणजे हार मानणे. बॉक्सिंगमधून आलेला प्रयोग."

"फेकतो कोण?"

"...खेळाडूचा कोच."

"अंबादासच्या फायनलला कुणी फेकला?"

"तुम्ही."

"आणि तू काय छापलंस?"

अंबादास मास्तरांचाच शिष्य; श्रीशैलचा मथळा होता, 'अंबादासने टॉवेल फेकला.' मथळ्याला इंग्रजी ढंग आहे म्हणून संपादकांनी त्याची पाठ थोपटली होती.

"भुवई फाटली होती त्याची. रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि गडी थांबायला तयार नाही. मी टॉवेल फेकला तर रिंगमधूनच मला शिव्या घातल्या त्यानं."

"मास्तर, इंग्रजीत सगळे असंच लिहितात हो."

"दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा मथळा वाचून लोकांनी त्याच्या दाराला टॉवेल टांगले होते. सहा. त्याची आई कारखान्यात विणते ना, तसलेच."

श्रीशैलची नजर स्वतः आणलेल्या टॉवेलवर गेली.

"त्याचा डोळा वाचला. त्याच डोळ्यानं त्यानं ते बघितलं. परत इथं सरावाला आला नाही."

चारशे वाक्प्रचारांच्या लेखकाने हस्तलिखित मिटून बाजूला ठेवले. खोटे कशाला बोला, मास्तरांना त्याची कीव काही येत नव्हती.

"मी... उद्याच्या अंकात दुरुस्ती छापतो."

"आठ महिने झाले, श्रीशैल."

"मग काय करू?"

मास्तरांनी नारळ ठेवून घेतला. टोपी डोक्यावर घातली. टॉवेलची कोरी घडी मात्र उचलून त्याच्या हातात परत दिली.

"हा अंबादासकडे घेऊन जा."

श्रीशैलचा चेहरा उतरला. "सातवा?"

"हो. पण दार वाजव. त्या सहा जणांनी वाजवलं नव्हतं."