शाळेमागचा ढीग

श्रावणात वाऱ्याने दिशा बदलली आणि शाळेमागच्या ढिगाचा वास थेट रणधवल राजाच्या नाकात शिरला!

ढीग उष्ट्याचा होता. राजाचा हुकूमच तसा: "माझ्या शाळेत प्रत्येक पोराला चार भाकऱ्या, भाजी आणि भाताचा डोंगर! लोकांनी नाव काढलं पाहिजे." पाच वर्षांचं पोर डोंगर कसा पोखरणार? निम्मं ताट रोज मागच्या अंगणात जाई.

नाक धरून राजा गरजला, "भोगीपर्यंत ढीग नाहीसा करा! कुंपणाबाहेर एक टोपली न्यायची नाही, जाळायचं नाही आणि वाढताना शीतभरही कमी करायचं नाही. नाहीतर शाळेला कुलूप!"

प्रधान दोन पावलं मागे सरला. गुरुजी प्रधानाच्या आड झाले. स्वयंपाकीण द्वारका मात्र पुढे आली. तिची लेक कालच जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. सात पिढ्यांत तिथवर कोणी गेलं नव्हतं!

"मी करते," ती म्हणाली.

"तू? कसं?"

"आत्ता नाकाने विचारू नका, महाराज. भोगीला जिभेने विचारा!"

तिने खड्डे खणले. उष्ट्यावर पालापाचोळा, त्यावर शेण, त्यावर माती.

गुरुजी हसले, "ढिगाला पांघरूण घालतेस होय?"

"झोपू द्या त्याला. उठेल तेव्हा ओळखणार नाही तुम्ही!"

भोगीला राजा आला. ढिगाच्या जागी वांगी लगडली होती, मांडवावर घेवडा लोंबत होता. पोरांच्या पंगतीत बसून त्याने भाजी चाखली. "वा! अशी चव माझ्या मुदपाकखान्यात नाही!"

द्वारकाने तिसरी भाकरी वाढली. चौथी वाढली. वर भाताचा डोंगर रचला.

"अगं, पुरे!"

"हुकूम आहे, महाराज. शीतभरही कमी नाही."

"पोट फुटेल माझं!"

"पोरंही रोज हेच सांगतात. त्यांच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून कोणाला ऐकू जात नाही!"

राजाने ताट सरकवलं. "ते राहू दे. ढीग कुठे गेला, ते सांग!"

"जुना तुमच्या पोटात गेला, महाराज. नवा तुमच्या ताटात उरलाय! जुना मी संपवला. नवा तुमच्या हुकमाशिवाय संपायचा नाही."

राजाने ताटाकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं, आणि ढेकर देऊन तो खदाखदा हसला. "आजपासून आधी विचारा, मग वाढा! द्वारका, बक्षीस माग. सोनं देऊ?"

"तुमच्या पागेतली लीद द्या."

"राजाकडे लीद मागतेस?"

"सोनं पेरून काय उगवतं, महाराज?"

राजा इतका हसला की मुकुट भातात पडला!

दुसऱ्या दिवशी ताशांच्या गजरात लिदीने भरलेली शाही गाडी शाळेच्या दारात उभी राहिली. तिच्यावर राजाची बिरुदं कोरलेली होती. द्वारकाच्या लेकीने बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यातलं पहिलंच जोडाक्षर वाचलं, "श्री... श्रीमंत!"