खंड्याचा मासा पडला डुबुक!

आमच्या मागच्या दारातून तळं दिसतं. दिसतं म्हणजे काय, मी बघतेच! म्हणून तर सांगते. या, बसा.

उन्हाळा आला. नदी आटली. तळं एवढंसं झालं. सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले.

तळ्याकाठी होता छोटा खंड्या. निळी पाठ, लाल चोच. त्यानं पाण्यात सूर मारला. सुळ्ळ! मासा धरला. त्याचा पहिलावहिला मासा! चिमुकला, शेपटीवर लाल ठिपका.

खंड्या बसला फांदीवर. आता खाणार, तेवढ्यात...

धब्बाक! शेजारच्या गेनूमामांची म्हैस पाण्यात बसली. फांदी हलली. मासा निसटला. डुबुक!

पाणी झालं गढूळ. अगदी चहासारखं!

"माझा मासा!" खंड्या ओरडला. आला राग! शेपटी थरथर.

"पाण्या पाण्या, निवळ ना! माझा मासा मिळेना!"

पाणी म्हणालं, "मी नाही निवळणार. पोटात गाळ ढवळलाय माझ्या. आधी म्हैस उठू दे."

भुर्र भुर्र खंड्या गेला. म्हशीच्या शिंगावर बसला.

"म्हशी म्हशी, ऊठ ना! पाणी निवळेना, माझा मासा मिळेना!"

म्हशीनं एकच डोळा उघडला. "मी नाही उठणार. ऊन बघ केवढं! आधी मामांना हाक मारू दे."

आला राग! शेपटी थरथर, पिसं ताठ.

भुर्र भुर्र खंड्या गेला. मामा बाभळीखाली बसले होते. हातात काठी, काठीला दोरी, दोरीला गळ, गळाला पिठाची गोळी.

"मामा मामा, हाक मारा ना! म्हैस उठेना, पाणी निवळेना, माझा मासा मिळेना!"

"श्शू! गप रे बोंबल्या!" मामा म्हणाले. "मी नाही हाक मारणार. मासे पळतील माझे. आधी गळाला मासा लागू दे."

आला राग! शेपटी थरथर, पिसं ताठ, चोच टक टक.

भुर्र भुर्र खंड्या गेला. इतक्यात श्वास घ्यायला मोठी मरळ वर आली. गुळुक!

"मरळबाई मरळबाई, गळाला लागा ना! मामा हाक मारीनात, म्हैस उठेना, पाणी निवळेना, माझा मासा मिळेना!"

मरळ म्हणाली, "मी नाही लागणार. पिठाची गोळी मला आवडते रे. पण या चिखलात दिसेल तर ना! आधी पाणी निवळू दे."

भुर्र भुर्र खंड्या गेला. परत पाण्याकडेच!

"पाण्या पाण्या, निवळ ना! मरळ लागेना, मामा हाक मारीनात, म्हैस उठेना..."

पाणी म्हणालं, "तेच तर! आधी म्हैस उठू दे."

"फिरून तिथंच?" खंड्या किंचाळला. किर्रर्रर्र!

आला राग! शेपटी थरथर, पिसं ताठ, चोच टक टक टक! एवढा राग, एवढा राग, एवढ्याशा पोटात मावेचना!

भुर्रकन गेला. मामांना लागली होती डुलकी. खंड्या त्यांच्या काठीच्या टोकावर बसला. दोरी धरली चोचीत. खेच! खेच! खेच! काठी लागली नाचायला.

मामा ताडकन उठले. "लागला! लागला! मोठा लागला!"

पण समोर कोण? म्हैस!

"अगं ए चांदे!" मामा ओरडले. "दोरी अडकेल ना तुझ्या पायात! ऊठ! हैऽऽ! हुर्र हुर्र! चल घरी!"

मामांनी हाक मारली.
म्हैस उठली. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ.
पाणी निवळू लागलं. पण हळूहळू हं! काठी नाचायची थांबली, तसे मामा परत गळ टाकून बसले.

"लवकर बस की रे गाळा!" खंड्या रागावला.

गाळ बसला. पाणी झालं लख्ख.

मरळीला दिसली गोळी. लुच लुच, गप्प! गोळी तिच्या पोटात. गळ राहिला तिथंच. मरळ पसार!

आणि खंड्याला काय दिसलं? लाल ठिपका! सुळ्ळ! फांदीवर आणला, टक टक आपटला, गट्टम!

शेपटी शांत. पिसं मऊ. चोच गप्प. राग? तोही गट्टम!

मामांनी दोरी वर काढली. मासा नाही. गोळीसुद्धा नाही!

मला कुठं राहवतंय? मी मागच्या दारातून विचारलं, "काय गेनूभाऊ, लागला का?"

आला राग! मिशी थरथर, केस ताठ, पाय धप धप धप!

आणि गेनूमामा ओरडले,

"माझा मासाऽऽ!"