टिटवी कुठे ओरडते

तळ्यावर बगळ्यांचे राज्य होते आणि माळावर मुंगसांचे. आपले एकमेकांशी मुळीच पटत नाही, असे दोघेही चारचौघांत सांगत, आणि वर्षातून एकदा मुंगसांचा वकील तळ्यावर पाहुणा म्हणून येऊन तीन दिवस राहून जाई. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, हे विचारण्याची तळ्यावर पद्धत नव्हती.

माळावर टिटव्या राहत. टिटवी झाडावर बसत नाही, घरटे विणत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे सारते आणि त्या खड्यांतच खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते. मुंगसांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून टिटव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक रीत पाळली होती. मुंगूस दिसले की अंड्यांपासून गुपचूप दूर पळायचे, आणि भलत्याच जागी जाऊन ओरडून आकाश डोक्यावर घ्यायचे. एक पंख मोडल्यासारखा फरफटत न्यायचा. मुंगूस आवाजामागे धावे, नुसते खडे हुंगे आणि चरफडत परत जाई. कधी नशिबाने त्याचा पाय अंड्यांवर पडेही. पण बहुतेक वेळा रीत टिटव्यांना तारून नेई. ती कोणी कोणाला शिकवीत नसे, आणि परक्यापुढे तर तिचा चकार शब्द काढीत नसे.

कुसळी ही त्याच माळावरची तरुण टिटवी. आईबाप लवकर गेले, तिला थोरल्या बहिणीने, रुईने, वाढवले. रुईची अंडी लागोपाठ दोन वर्षे गेली होती. दुसऱ्या वर्षी रिकाम्या खड्यांपाशी रुई दिवसभर बसून राहिली, तेव्हाच कुसळीने ठरवले की असे ओरडत जगणे पुरे. तळ्यावर कोणी ओरडत नाही असे तिने ऐकले होते. म्हणजे तिथे भीती नसणार, आणि ते कसे जमवतात हे शिकून यावे, असा तिचा सरळ विचार होता. रुईने अडवले नाही. डोळे पुसून एवढेच म्हणाली की जिथे सगळे गोड बोलतात तिथे आपण कमी बोलावे.

तळ्यावर तिचे स्वागत छान झाले. बाहेरून शिकायला आलेल्या पाखरांच्या पायात बगळे ओल्या चिखलाचे कडे घालीत. ते वर्षभरात वाळे, तडके आणि गळून पडे. कडे गळाले की त्याच दिवशी तळे सोडायचे. नवे घालायचे की नाही, ते आचार्य ठरवीत. इथे कोणीही काहीही बोलावे, असे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगण्यात आले. सांगणाऱ्या बगळ्याने नंतर मान वळवून कोण काय बोलते ते पाहिले. कुसळीने ते पाहिले आणि मनात ठेवले. तळे एवढे शांत का, तेही तिला आठवडाभरात उमगले. बगळे एका पायावर, डोळे मिटून, तपाला बसल्यासारखे उभे राहत, आणि मधूनच पाण्यात एक तरंग उठून विरून जाई. मासे ओरडत नसतात, एवढाच त्या शांततेचा अर्थ होता.

तिला माशांवरच लिहायचे होते. तिचे आचार्य धवलपंत हे फार सौम्य बगळे. त्यांनी तिचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि माशांवर आमच्याकडे पुष्कळ काम झालेले आहे असे सांगितले. तिने आपल्या माळाबद्दल लिहावे. ते तिच्यावाचून कोण लिहिणार? कुसळीला संशय आला, पण त्याहून जास्त बरे वाटले. आपल्या खड्याकुसळांच्या माळाबद्दल कोणीतरी विचारते आहे, याचे कोणाला बरे वाटणार नाही?

माळावरची आणखीही पाखरे तळ्यावर शिकत होती. ती एकमेकांना भेटली की कुशल विचारीत, आणि घर कुठले म्हटले की खोटी जागा सांगत. कोण कोणाचा कान आहे काय सांगावे! त्यांतला भुरकोबा नावाचा टिटवा सर्वांत जुना. तीन कडी त्याने घातली होती, चौथे पायात होते. तो एकटा खाई, एकटा बांधावर झोपे, आणि कोणी माळाचा विषय काढला की उठून जाई. असा पक्षी एक तर फार दुःखी असतो नाहीतर कोणाचा तरी कान असतो, असे सगळे म्हणत. दुसरे म्हणणे जास्त सोपे होते, म्हणून तेच रूढ झाले.

तळ्यावर लिहायचे ते ओल्या मातीच्या विटांवर, चोचीने. मग विटा उन्हात वाळवून लव्हाळ्यातल्या ग्रंथशाळेत रचून ठेवीत. कुसळीने माळावरच्या वाऱ्यावर लिहिले, गवतावर लिहिले, खड्यांच्या सात रंगांवर लिहिले. धवलपंतांनी सगळे वाचून मान डोलावली आणि विचारले, पण तुम्ही ओरडता कशासाठी? भीतीने, असे तिने लिहून दिले. वीट परत आली. भीतीने सगळेच ओरडतात, यात तुमचे असे काय?

तोवर तिच्या पायातल्या कड्याला तीन तडे गेले होते. ती पंधरा दिवस विटेपुढे बसून होती. रीत सांगू नये हे तिला कोणी सांगितले नव्हते, कारण ती सांगण्याची वेळ कोणावर येईल असेच कोणाला वाटले नव्हते. शेवटी तिने मनाची समजूत घातली की बगळे काही अंडी खात नाहीत. रुईचे नाव घालायचे नाही, ओढ्याचे घालायचे नाही, उताराचे घालायचे नाही. मग कोणाचे काय बिघडणार? आणि तिने लिहिले. टिटवी जिथे ओरडते तिथे तिचे काहीच नसते. आवाज जितका मोठा, तितकी अंडी लांब. ज्या जागेवरून सगळ्या निघून गेल्या, जिथे एकही टिटवी ओरडत नाही, तिथे जपून पाऊल टाकावे. खरे सांगायचे तर लिहिताना तिला आनंद झाला. इतके नेमके आजवर माळावर कोणीच बोलले नव्हते.

धवलपंतांनी ती वीट दोनदा वाचली आणि आपली लांब मान पूर्ण उलगडून तिच्याकडे पाहिले. अशी मान ते क्वचितच उलगडत. नवे कडे त्याच दिवशी आले. वीट ग्रंथशाळेत दर्शनी जागी लागली. ग्रंथशाळेला दार नव्हते, कोणीही यावे आणि वाचावे, याचा बगळ्यांना फार अभिमान होता.

त्या वर्षीही मुंगसांचा वकील आला. बगळ्यांनी माळावरच्या कारभाराबद्दल त्याच्या तोंडावर चार कडक शब्द ऐकवले, त्याने ते नम्रपणे ऐकले, आणि मग सर्वांनी मिळून मासे खाल्ले. दुसऱ्या दिवशी कुसळीने पाहिले की बांधाच्या टोकाला भुरकोबा त्या वकिलापुढे मान खाली घालून उभा आहे. ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या ऋतूत पाकोळीच्या तोंडी रुईचा निरोप आला. पाकोळीने तो होता तसा सांगितला. ‘मुंगसं आता आवाजामागं येत नाहीत, कुसळे. उभी राहतात, कान देतात आणि जिथं कुणी ओरडत नाही तिकडं नीट चालत जातात. उतारावरची अकरा घरं गेली. आपल्यातल्याच कुणीतरी तोंड उघडलंय. तळ्यावर कोण कोण आहे ते बघ. मी परत अंडी घातलीत. चार आहेत. या खेपेला गेली तर मी राहायची नाही.’

कुसळीला शोधायला जावे लागले नाही. नाव तिच्याकडे तयारच होते. तिने बांधावरचे दृश्य एकाला सांगितले, त्याने दुसऱ्याला. दोन दिवसांत भुरकोबाशी कोणी बोलेना, त्याच्या शेजारी कोणी चरेना. तो पाण्यावर आला की सगळी पाखरे उठून जात. कुसळी सर्वांत आधी उठे. तिच्या मनात त्या चार अंड्यांवाचून दुसरे काही नव्हते, आणि अशा वेळी हाताशी एक गुन्हेगार असला की फार आधार वाटतो.

सहाव्या दिवशी भुरकोबा स्वतःच तिच्यापुढे येऊन उभा राहिला. तो चिडलेला नव्हता. त्याने सांगितले की त्याची आई माळावर थकली आहे, तिला एकदा बघून येण्याची परवानगी मागायला तो वकिलाकडे गेला होता. दर वर्षी जातो.

‘मग काय म्हणाला?’ कुसळीने विचारले. तिचा अजून विश्वास नव्हता.

‘म्हणाला, आत्ता वेळ नाही, वाचतोय.’

‘काय वाचत होता?’

तिला खरेच ठाऊक नाही, हे भुरकोबाला तेव्हा कळले असावे. ‘तुझंच,’ तो म्हणाला.

ती ग्रंथशाळेत धावत गेली. वाऱ्याच्या विटेवर धूळ होती, गवताच्या विटेवर धूळ होती, खड्यांच्या सात रंगांवर तर कोळ्याने घर केले होते. त्या एका विटेपुढची जमीन मात्र बसून बसून गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यावर लहान लहान पंजे उमटले होते. एकाचे नव्हते ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

मग ती धवलपंतांकडे गेली. ते डोळे मिटून एका पायावर उभे होते. त्यांनी सगळे ऐकले, वाईट झाले असे म्हणाले, आणि त्यांना ते खरोखर वाईट वाटत होते. पण ज्ञान सर्वांसाठी असते. वाचणाऱ्याला कशासाठी वाचतोस असे विचारणे तळ्याच्या स्वभावात बसत नाही. ‘त्यात एक तरी ओळ खोटी आहे का?’ त्यांनी हळूच विचारले. ती जायला वळली. तेवढ्यात त्यांनी एक आनंदाची बातमी दिली. तिची वीट साऱ्या ग्रंथशाळेत सर्वांत जास्त वाचली गेली होती, म्हणून तिला दगडाचे कडे द्यायचे ठरत होते. ते कधी गळत नाही.

कुसळीने पाय दगडावर आपटून चिखलाचे कडे फोडले. कडे नाही म्हणजे परत येणे नाही, हे तिला ठाऊक होते. भुरकोबाची क्षमा मागायला ती बांधावर गेली, तर तो तिथे नव्हता. तो कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हते, कारण सहा दिवस त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. ती थांबली नाही. पाच दिवस ती उडत होती.

ती पोहोचली तेव्हा सकाळ झाली होती आणि मुंगूस माळावर आलेले होते. ओढ्याच्या काठी सगळा थवा जीव तोडून ओरडत होता. त्यांत रुई होती, पंख धुळीत फरफटत नेत होती, आणि रीतीप्रमाणे सगळे अगदी बिनचूक चालले होते. मुंगूस दोन पायांवर उभे राहिले. त्याने शांतपणे ऐकले. मग ओढ्याकडे पाठ करून ते उताराकडे चालू लागले, जिथे काहीच आवाज नव्हता. घाई नव्हती त्याला.

सांगत बसायला वेळ नव्हता, आणि सांगितले असते तर मुंगसानेही ऐकले असते. कुसळी सरळ उतारावर उतरली. चार अंडी तिला लगेच दिसली; ती टिटवीलाच दिसतात. ती त्यांच्यावर पाय रोवून उभी राहिली, चोच वर केली आणि ओरडली. दोन वर्षे न वापरलेला गळा आधी फाटला, मग लागला. माळावर आजवर कोणी टिटवी आपल्या अंड्यांवर उभी राहून ओरडली नव्हती.

ओढ्यावरचा थवा गप्प झाला. तळ्यावर शिकून आलेली आपली पोर नेमक्या जागेवर उभी राहून मुंगसाला हाक घालते आहे, हे सगळे बघत राहिले. मुंगूस दहा पावलांवर थबकले. त्याने कुसळीकडे पाहिले, मग एकदम शांत झालेल्या ओढ्याकडे पाहिले.

तेवढ्यात रुई येऊन पोहोचली.

‘तू?’ ती म्हणाली, आणि तिची चोच कुसळीच्या डोक्यावर बसली. पुन्हा बसली. उत्तर द्यायचे तर ओरडणे थांबवावे लागले असते. मुंगूस वळून ओढ्याच्या दिशेने चालू लागले होते, पण अजून लांब गेले नव्हते, अजून कान देत होते. डोक्यावरचे रक्त कुसळीच्या डोळ्यात ओघळले. चार अंड्यांवर पाय घट्ट रोवून, बहिणीची चोच डोक्यावर घेत, ती ओरडत राहिली.