टाकी भरल्याचं कळतं कसं?

एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडमागं, एक सॉफ्टवेअर कंपनी होती. तिथं गजेंद्र नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. तेच त्याचं दुखणं.

कंपनीनं पाण्याचे पंप चालवणारा प्रोग्राम लिहिला होता. सोमवारी नगरपालिकेचे पाणी सभापती तो बघायला येणार होते. पसंत पडला तर गावाचं काम मिळणार, नाही तर कंपनीला टाळं. मालकीणबाई मांडके मॅडमची झोप उडाली होती.

मॅडम म्हणाल्या, "आपली माणसं घाईत काहीतरी ठोकून देतात आणि कोडशेजारी टीप लिहितात, 'तात्पुरतं आहे, नंतर नीट करू.' अशा कबुल्या शोध. सोमवारी एकही दिसायला नको."

"बरं मॅडम," गजेंद्र म्हणाला. त्यानं सगळ्या टिपा शोधल्या आणि पुसून टाकल्या. कच्चं काम होतं तिथंच राहिलं.

मॅडमनी टिपा परत आणवल्या. "अरे शहाण्या, टीप पुसून काय होतंय? खालचं कच्चं काम काढायचं!"

"बरं मॅडम." एका ठिकाणी लिहिलं होतं, 'हे का चालतं कुणालाच माहीत नाही. हात लावू नये.' गजेंद्रनं टीप जपून ठेवली आणि खालचं काढलं. पंप बंद पडला.

मॅडमनी तेही परत घालून घेतलं. "यापुढं टीप दिसली की लिहिणाऱ्याला विचार. चारचौघांत मोठ्यानं वाच, म्हणजे लाज वाटेल त्याला!"

"बरं मॅडम."

सोमवारी सभापती आले. गच्चीवरच्या टाकीचा पंप प्रोग्रामनं सुरू केला. सभापती खूश.

"टाकी भरली की थांबतो? पण याला कळतं कसं हो?"

"गजेंद्र, साहेबांना दाखव," मॅडम ऐटीत म्हणाल्या.

गजेंद्रनं कोड उघडला. शेजारी टीप होती. त्यानं मोठ्यानं वाचली, "'टाकी भरल्याचं याला कळत नाही. वीस मिनिटांनी आपला बंद होतो. तात्पुरतं. सभापतींना सांगू नये.' मॅडम, खाली नाव तुमचंच आहे. कसं काय?"

"पूस ते आधी!" मॅडम दात ओठ खात म्हणाल्या.

"टीप पुसून काय होतंय, मॅडम?" गजेंद्र म्हणाला आणि त्यानं खालचं, वीस मिनिटांनी पंप बंद करणारं, काढलं.

मॅडम सभापतींची समजूत घालत राहिल्या, तोवर जिन्यावरून पाणी आत आलं. सभापतींनी पाय खुर्चीवर घेतले.

"गजेंद्र, घाई कर! काहीतरी कर!"

घाईत आपली माणसं काय करतात, ते गजेंद्रला माहीत होतं. त्यानं कोडशेजारी सुवाच्य लिहिलं, 'पंप थांबत नाही. नंतर नीट करू.' खाली नाव मात्र स्वतःचं घातलं. मॅडमना पुन्हा लाज वाटायला नको.