भाल्याने सांगितलेला शेवट

आमच्या दहावीच्या ग्रुपवर भालचंद्र अजून होता. वर्षापूर्वी त्याची गाडी घाटातून दरीत गेली, पण त्याचा नंबर काढायचा धीर कुणालाच झाला नाही. जिवंतपणी त्याला एकच खोड होती. नवा सिनेमा आला की शेवट आधीच सांगून टाकायचा. वर ऐट अशी, की आपण सांगितलेला शेवट कधी चुकत नाही.

रविवारी दुपारी गप्पा रंगल्या होत्या. उद्धवने गाडी थेट गोठ्यात घातल्याचा किस्सा सांगितला, मग आवडते सिनेमे निघाले. तेवढ्यात भालचंद्रच्या नंबरवरून मेसेज आला.

"सिनेमांचं सोडा. तुमचे शेवट सांगतो. उद्धव, तू घाटात, गाडी चालवताना. हेमलता, तूही स्टिअरिंगवरच."

उद्धवने घाबरून लिहिलं, "अरे, मला दर आठवड्याला घाटातून जावं लागतं!"

हेमलता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. तिने सावकाश लिहिलं, "भाल्या, वीस वर्षं मी शिकणाऱ्याच्या शेजारी डावीकडे बसते. माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. आजपासून स्टिअरिंगला हातच लावत नाही. उद्धव घाटातून एसटीने जाईल. तुझं खरं असेल, तर आम्हाला आता मरण नाही. आणि आम्ही म्हातारे होऊन अंथरुणात मेलो, तर तुझा शेवट चुकला. यातलं काय ते तूच ठरव."

भालचंद्रच्या नावापुढे 'टाइप करत आहे' बराच वेळ दिसत राहिलं.

मग एकच ओळ उमटली. भालचंद्र यांनी ग्रुप सोडला.